कोणाचं नसलेलं धान

शकुनबाईला कोणी विचारलं, की बाई, तलावातलं ते धान कोणाचं, तर ती जन्मभर एकच उत्तर देत आली. ‘कोनाचं नाही.’ त्यापुढे ‘देवाचं आहे’ असं जोडायचं, हेही तिला सासूने शिकवलं होतं. तिने ते नेहमी जोडलं. एकदा मात्र जोडलं नाही, आणि त्या एका वेळेपायी गेलं वर्षभर ती स्वतःला खात बसली आहे.

तिचं गाव कोंढ्याच्या अलीकडचं. गावापेक्षा तलाव मोठा, आणि तलावापेक्षा गावाचा तलावाबद्दलचा अभिमान मोठा. आमच्या पूर्वजांनी बांधला म्हणून सांगणारी चार घरं आहेत, आणि चारही घरं एकमेकांना खोटं पाडतात. ते सोडा. तलावाच्या पाण्यावर खालच्या बांध्या पिकतात, म्हणजे पाळीखालचे, तलावाच्या मातीच्या बांधाखालचे, धानाचे ते बांधलेले तुकडे, आणि त्यावर गाव जेवतं. शकुनबाई या गावात सून म्हणून आली तेव्हा तिच्या माहेरी तलाव नव्हता, विहीर होती. पाण्यात उतरायची तिला भीती वाटे. सासूने पहिल्याच कार्तिकात तिला कमरेएवढ्या पाण्यात उभं केलं आणि म्हणाली, ‘धर.’

धरायचं होतं देवधान. देवधान म्हणजे धानच, पण कोणी न पेरलेलं. तलावाच्या उथळ कडेला, गाळात, आपलं आपण येतं. शेतातलं धान शहाणं असतं, पिकलं की विळ्याची वाट पाहत उभं राहतं. देवधानाला असला धीर नाही. दाणा पिकला की गळाला, पाण्यात गेला, गाळात बसला, आणि मग त्याची मर्जी झाली की पुढच्या किंवा त्याच्याही पुढच्या वर्षी वर आला. दाण्याच्या टोकाला बोटभर लांब तांबूस कुसळ असतं, हाताला असं टोचतं की सुपात घोळताना बायांचे तळवे लाल होतात. शेतातलं धान याच्याच कुळातलं, असं शेती शिकलेले सांगतात. शकुनबाईच्या सासूला ते कोणी सांगितलं नव्हतं. ती देवधानाला थोरली म्हणायची आणि शेतातल्याला धाकटी.

आता हे गळकं धान गोळा करायचं कसं? तर पिकायच्या आधीच पाण्यात जायचं, दोन्ही हातांनी ताटं ओंजळीत घ्यायची आणि त्यांचीच पाती वळून लोंब्यांची जुडी बांधून ठेवायची. मग दाणा सुटला तरी जुडीत अडकून राहतो. आठवड्याने टोपली घेऊन परत जायचं आणि जुडी टोपलीत झटकायची. सगळ्या बांधायच्या नाहीत. काही झुपके मोकळे सोडायचे, ते पाणकोंबड्यांचे आणि तलावाचे. सासू सांगे, ‘आपन घेतो ते उरलेलं, पयलं त्याईचं.’

आणि हे सगळं कशासाठी, तर भाद्रपदातल्या ऋषिपंचमीसाठी. त्या दिवशी उपासाच्या बाया बैलाच्या कष्टाचं खात नाहीत. नांगरलेलं नको, पेरलेलं नको. मग भात कुठून आणणार? तलावातून. कार्तिकात गोळा केलेलं देवधान गाडग्यात घालून ठेवायचं, आणि पंचमीच्या आदल्या दिवशी कांडून गावातल्या प्रत्येक उपासाच्या बाईला पसाभर द्यायचं. सासू गेल्यावर हे काम शकुनबाईकडे आलं. गावात तिला मान होता तो यामुळेच. तिच्याकडे जमीन फार नाही, बोलणं तर अगदी साधं. पण पंचमीच्या आदल्या दिवशी तिच्या दारात पाटलाच्या घरची सूनही पदर पसरून उभी राहायची, आणि शकुनबाईला ते आवडायचं. आवडू नये काय? माणूसच ती.

एक पथ्य मात्र होतं. देवधानाला माझं म्हणायचं नाही. आपण गोळा केलं, आपण कांडलं, तरी नाही. ज्या दिवशी कोणी माझं म्हणेल त्या दिवशी ते नुसतं धान होईल, पंचमीला चालणार नाही. शकुनबाईने हे इतकं पाळलं की तिच्या घरातलं देवधानाचं गाडगंसुद्धा तिने कधी आपल्या गाडग्यांच्या उतरंडीत ठेवलं नाही. देवघराच्या खाली वेगळं ठेवलं.

मागच्या उन्हाळ्यात तलाव खोल करायचं काम निघालं. गाव खूश होतं. तलाव गाळाने भरला होता, पाणी माघातच आटायचं. गाळ काढणार, आणि तो गाळ ज्याला पाहिजे त्याने आपल्या बांधीत नेऊन टाकायचा. शकुनबाईचा मुलगा हेमराज तर ट्रॅक्टर सांगून मोकळा झाला होता. काम पाहायला आलेला इंजिनियर तरुण होता, उन्हाने लाल झालेला, पण पोरगा भला. त्याने आधी गावात दवंडी दिली, की तलावात ज्याचं काही असेल त्याने येऊन दाखवावं, ती जागा आम्ही सोडून देऊ. त्याला नावं ठेवायला जागा नाही. त्याने विचारलं होतं.

भैयाजी ढिवर त्या दिवशी सकाळीच तलावात जाऊन उभा राहिला. दक्षिणेकडच्या कोपऱ्यात त्याचा शिंगाडा असतो. ‘हे माझं आहे साहेब. माझ्या आज्यापासून माझं.’ इंजिनियरने पांढऱ्या भुकटीची रेघ ओढली आणि तो कोपरा सोडला. मग पाळीवरून फिरत तो उत्तरेकडे आला. तिथे वाळलेल्या गाळात देवधानाचे बुडखे उभे होते आणि शेजारी शकुनबाई उभी होती. दवंडी तिनेही ऐकली होती. म्हणूनच आली होती ती.

‘आजी, हे धानाचे बुडखे दिसतात. तलावात कोणी लावलं? कोणाचं आहे?’

‘कोनाचं नाही,’ शकुनबाई म्हणाली.

‘नक्की ना? नंतर तक्रार करू नका.’

इथे तिने दुसरं वाक्य म्हणायचं होतं. देवाचं आहे, त्याले हात लावू नोको बाप्पा. एवढंच. त्याने ऐकलं असतं, मला तरी तसंच वाटतं, कारण पाळीवरच्या शेंदूर लावलेल्या दगडालाही त्याने वळसा घातला होता. पण त्याच्या मागे पंचायतीतले दोघे उभे होते, त्यांच्या हातात मोबाईल, तोंडात खर्रा, आणि त्यातल्या एकाने नुकतंच हसून म्हटलं होतं, की म्हातारीले आता कचऱ्यातही देव दिसते. शकुनबाई लाजली. दुसरं काही नाही, लाजली. देवाचं म्हटलं तर हे हसतील. माझं म्हटलं तर पथ्य मोडेल. मग राहिलं काय?

‘नाही बाप्पा. कोनाचं नाही,’ ती पुन्हा म्हणाली आणि पदर सावरून घरी आली.

यंत्राने तो कोपरा तिसऱ्या प्रहराच्या आत उपसला. ती घराच्या ओट्यावर बसून आवाज ऐकत होती. मनाला समजावत होती, की देवाचं आहे, देव पाहील, आजवर कोणी पेरलं होतं काय, आपोआप येईल. गाळ ट्रॉल्यांत भरून खाली गेला. हेमराजने पाळीखालच्या बांधीत पाच-सहा ट्रॉल्या ओतून घेतल्या आणि संध्याकाळी जेवताना गाळाच्या काळेपणाचं कौतुक केलं. शकुनबाईने भात पुढे सारला. ‘भूक नाही,’ म्हणाली.

जेठ महिना सरत आला तशी सून रीना तिच्याजवळ येऊन बसली. रीना एकोडीची, बोलायला फटकळ, पण मनात काही ठेवत नाही. ‘मामीजी, गाडग्यात गेल्या सालचं देवधान आहे ना? पावसाच्या आधी तलावात टाकून द्या. उगवन.’

‘मानसाच्या हातानं टाकलं त देवाचं राहते काय ते?’

‘नाही टाकलं त काय राहीन?’

शकुनबाईला राग आला, कारण पोरगी खरं बोलत होती. आणि राग आल्यावर माणूस धरून बसतो ते कारण तिने पुढे केलं. ‘उषाबाईचं उद्यापन आहे अवंदा. तिले काय देऊ, तुयं मुंडकं?’

उषाबाई म्हणजे तिची मोठी जाऊ. दोघींची घरं एका भिंतीने वेगळी झालेली, भांडणं त्या भिंतीवरून चाललेली आणि भाज्यांच्या वाट्याही तिथूनच गेलेल्या. शकुनबाई टायफॉईडने पडली होती तेव्हा हेमराजला उषाबाईने आपल्या पदराखाली वाढवलं. ते शकुनबाई विसरलेली नाही. आता उषाबाईचे गुडघे गेले होते, अंगणापलीकडे ती निघत नव्हती, आणि एकच घोकत होती. एवढी पंचमी होऊ दे, व्रताचं उद्यापन होऊ दे, मग देवाने केव्हाही न्यावं. उद्यापनाचं ताट देवधानाशिवाय होत नाही, निदान या गावात नाही. गेल्या कार्तिकात देवधान थोडंच हाती लागलं होतं, आणि गाडग्यात होतं ते जेमतेम तेवढ्यालाच पुरणारं. तलावाचा कोपरा खोदला हे उषाबाईला कोणी सांगितलं नव्हतं. शकुनबाईने तर मुळीच नाही. म्हातारीच्या जिवाला कशाला घोर, असं तिने ठरवून टाकलं.

पाऊस आला, तलाव भरला. उत्तरेच्या कोपऱ्यात पाणी खोल आणि स्वच्छ, आरशासारखं. गावातल्या पोरांना पोहायला चांगलं झालं. शकुनबाई रोज पाण्यावर कपडे धुवायच्या निमित्ताने जायची आणि हिरवं पातं शोधायची. एक नाही दिसलं. श्रावण गेला, तेव्हा तिला कळलं की दिसणार नाही. तेव्हाही गाडगं घरात होतं. तेव्हा टाकलं असतं तर खोल पाण्यात कुजलं असतं, हे तिलाही ठाऊक होतं. टाकायची वेळ जेठात होती, आणि जेठात ती सुनेवर रागवून बसली होती.

पंचमीला उषाबाईचं उद्यापन झालं. सात ऋषींच्या सात सुपाऱ्या मांडल्या, गावातल्या बाया आल्या. त्या वर्षी पसाभर देवधान मागायला त्या आदल्या दिवशी शकुनबाईच्या दारात आल्या नव्हत्या. कोपरा खोदल्याचं आणि गाडग्यात उषाबाईपुरतंच उरल्याचं त्यांना माहीत होतं. कोणी काही बोललं नाही, हे जास्त लागलं. शकुनबाईने पहाटे उठून गाडगं रिकामं केलं, उखळात कांडलं, मातीच्या मडक्यात शिजवलं. तांबूस, जाडसर भात, वास तलावाच्या गाळाचा. उषाबाईच्या ताटात वाढला. उषाबाईने डोळे मिटून घास घेतला आणि तिचा चेहरा इतका निवला, की शकुनबाईला क्षणभर वाटलं, आपण बरोबर केलं.

बाया गेल्यावर दोघी जावा अंगणात बसल्या.

‘अजून केवढं राहिलं गाडग्यात?’ उषाबाईने विचारलं.

‘सरलं.’

‘सरू दे. कार्तिकात येईनच म्हना.’

शकुनबाईला खोटं बोलता येतं, पण उषाबाईशी नाही. ‘येनार नाही वो बाई. तो कोपरा खोदून नेला उनाळ्यात.’

उषाबाई तिच्याकडे वळली. ‘तुले विचारलं नाही कोनी?’

‘विचारलं.’

‘मंग?’

‘कोनाचं नाही म्हनलं मी.’

‘देवाचं आहे म्हून नाही म्हनलं?’

‘लाज वाटली.’

उषाबाईने यावर तिला शिवी द्यायला हवी होती. ती शिव्या देण्यात हुशार. पण ती दुसरंच बोलली. ‘अन् हे गाडग्यात होतं ते काहून नाही टाकलं तलावात?’

‘तुयं उद्यापन होतं.’

‘मले विचारलं काहून नाही?’ उषाबाईचा आवाज चढला. ‘मी राजगिरा खाल्ला असता. अळूच्या पानाची भाजी खाल्ली असती परसातली, तिले कोनता बैल लागते? उपाशी राहिली असती एक दिस. शेवटचं देवधान माह्या पोटात घातलं तू, अन् मी मिटक्या मारून खाल्लं. आता हे उद्यापन कोनत्या तोंडानं देवाले सांगू?’

शकुनबाईने ताट उचललं. ताटाच्या कडेला चार शितं होती, शिजलेली. ती तिने टाकली नाहीत, खाल्लीही नाहीत. तुळशीत ठेवली, आणि शिजलेला दाणा उगवत नाही हे ठाऊक असूनही ती रोज सकाळी तुळशीत पाहायची. दोघी जावा त्यानंतर बोलत होत्या, पण कामापुरतं.

मग आश्विन आला. हेमराजची पाळीखालची बांधी यंदा गाळामुळे जोरात आली होती, आणि त्या बांधीचं धान तो बियाण्यासाठी ठेवणार होता. बियाण्याच्या धानात भेसळ चालत नाही. दुसऱ्या जातीचं ताट दिसलं की ते पिकायच्या आधी उपटून काढावं लागतं. त्यासाठी बाया लावल्या होत्या, आणि शकुनबाई बांधावर पाण्याची घागर घेऊन बसली होती. त्यातली सुमनबाई मध्येच ओरडली, ‘शकुनबाई, हे कोन्या वानाचं पडलं? लंबं लंबं कुसळ आहे पाहा.’

शकुनबाई उठली. बांधीच्या उताराकडच्या भागात, जिथे गाळाच्या ट्रॉल्या ओतल्या होत्या तिथे, धानाच्या हारी सोडून, कुठेही, कशीही, उंच ताटं उभी होती. लोंब्यांवर तांबूस कुसळं. तिने एक लोंबी हातात घेतली आणि ती तळव्याला टोचली. तिला हुंदका आला. तलावातून उपसलेलं तिच्याच लेकाच्या बांधीत येऊन उभं राहिलं होतं, आणि ती रोज तलावात शोधत होती.

हेमराज धावत आला. ‘माय, हेच सगळं बियानं नासवते. दाना गळला का पुढल्या साली साऱ्या बांधीत हेच. काढा ना, पाहून काय राहिल्या?’ त्याचं चुकत नव्हतं. त्याने वर्षभर त्या बांधीत जीव ओतला होता.

सुमनबाईने ताट मुठीत धरलं होतं. ‘ठेवू का उपटू? कोनाचं आहे हे?’

बाया शकुनबाईकडे पाहत होत्या. तेच विचारणं होतं, आणि हात उपटायला तयार होता. देवाचं आहे म्हणून चाललं नसतं. बांधी नांगरलेली, चिखलणी केलेली, इथलं देवधान पंचमीला चालत नाही हे बायांनाही ठाऊक होतं. कोणाचं नाही म्हटलं की सुमनबाई उपटणार होती. तिच्याजवळ एकच शब्द उरला होता, आणि तो तिने देवधानासाठी जन्मभर तोंडातून काढला नव्हता.

‘माझं आहे,’ शकुनबाई म्हणाली. ‘सोड.’

सुमनबाईने हात काढला. आईने देवधानाला माझं म्हटलेलं हेमराजने कधी ऐकलं नव्हतं. ‘बियानं जाईन माय.’

‘जाऊ दे. एवढी पाटी मले दे. पुढल्या साली जे उगवन ते मीच उपटीन.’

हेमराजने गाळ ओतलेल्या त्या पट्ट्याकडे हात करून बायांना सांगितलं, ‘तेवढी पाटी सोडा.’ त्या बांधीचं धान मग बियाण्याला गेलं नाही, खायला ठेवलं.

शकुनबाईने ताटांच्या जुड्या बांधल्या. हात सासूने शिकवल्यासारखे आपोआप चालले. पिकलं तसं टोपलीत झटकलं. काही झुपके मोकळे सोडायचे ते मात्र सोडले नाहीत. इथे सोडणं म्हणजे लेकाच्या बांधीत पेरणं होतं. पाणकोंबड्यांना तिने मनातल्या मनात हात जोडले.

मग ती भैयाजीकडे गेली. उत्तरेचा कोपरा खोल झाला होता, तिथे काही रुजणार नव्हतं. उथळ कड उरली होती ती फक्त भैयाजीच्या शिंगाड्याची. ‘जराशी जागा दे बाबा,’ ती म्हणाली. भैयाजीने काठी खुपसून जागा दाखवली. कोणाचीच नसलेली गोष्ट अशी भैयाजीच्या जागेत, त्याच्या मेहरबानीवर गेली. शकुनबाई गुडघाभर पाण्यात उतरली आणि टोपलीतलं देवधान मुठीमुठीने गाळावर टाकलं. दाणे कुसळं वर करून हळूहळू बसले. जन्मात पहिल्यांदा तिने देवधान पेरलं.

एक मूठ तिने राखली होती. ती घेऊन ती उषाबाईच्या अंगणात गेली आणि तिच्या तळहातावर ठेवली. उषाबाईने कुसळ बोटांनी चोळून पाहिलं, दाणा नाकाशी नेला.

‘तेच आहे वो.’

‘तेच आहे. तलावात टाकून आली.’

‘उगवन?’

‘उगवन. भैयाजी राखन म्हनला.’

उषाबाई कितीतरी दिवसांनी हसली. ‘मंग पुढल्याच्या पुढल्या पंचमीले पोरीबायाईले देशीन.’

‘देईन कशी?’ शकुनबाई म्हणाली. ‘नांगराच्या बांधीत आलं, मी माझं म्हनलं, माह्या हातानं पेरलं. कुठून चालन ते पंचमीले?’

‘जगलं ना पन. मंग रडून काहून राहिली?’

शकुनबाईने पदराने डोळे पुसले. ते पुन्हा भरले, तिने पुन्हा पुसले.

‘सासूबाईनं माह्या हाती देवाचं देलं होतं वो बाई,’ ती म्हणाली. ‘मी रीनाच्या हाती माझं देईन.’

उषाबाईने तळहातावरचे दाणे पदराच्या टोकाला बांधले आणि गाठ आवळून घेतली.